बिनपत्राचा हॉल

केसानं गळा कापणं म्हणजे काय, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. राजक्कानं कापला. पण तिच्या हातात तो केस दिला कोणी? मीच दिला. नगर परिषदेच्या थंडगार खोलीत खुर्चीवर बसून, पोटभर बोलून दिला. आता सगळं सुरुवातीपासूनच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईचं डोकं फिरलं.

मी शकुन वैरागडे. आंबेझरी कॉलरीत 'वैरागडे बिछायत केंद्र' म्हणून पाटी दिसेल, ते माझं. मंडप, गाद्या, खुर्च्या, मोठाले गंज, कढया, झारे, सगळं भाड्यानं देते. नवरा होता तोवर तो मंडप घालायचा अन् मी भांडी मोजायची. तो गेला, मग दोन्ही मीच करायला लागले. आमचं गाव कोळशाच्या खाणीनं वसवलेलं. खाण निघाली तसे तेलंगणातून लोक आले, बंगाली आले, छत्तीसगढी आले, बिहारी आले. गोंडांचे पाडे तर आमच्या सगळ्यांच्या आधीचे. एका गल्लीत चार भाषांत शिव्या ऐकायला मिळतात, अन् चारही सगळ्यांना समजतात. मी तर प्रत्येकाच्या लग्नाला, बारशाला, तेरवीला गेलेली. कोणाकडं भात किती लागतो अन् कोणाकडं मासळी, हे मला न विचारता ठाऊक असायचं.

मग ऊन वाढलं. आमच्याकडं ऊन आधीपासून काय कमी होतं? पण आता फेब्रुवारीतच चाळिशी ओलांडायला लागलं. शेजारच्या तालुक्यात एका लग्नात, भर मंडपात, माणसं पंगतीतच कोसळली. त्यात नवरीचा आजाही गेला. त्यानंतर सरकारी आदेश निघाला, की पन्नासच्या वर माणसं असतील तर कार्यक्रम उघड्यावर नाही, बंदिस्त अन् थंड हॉलमध्येच करायचा. हिवाळ्यात करू म्हणाल, तर हिवाळ्यात कोळशाचा धूर अन् धुकं इतकं मिसळतं की समोरचा माणूस दिसत नाही, म्हणून तोच आदेश हिवाळ्यालाही लागला. बाकी राहिला पावसाळा. त्यात कोणाचं लग्न लागतं बाप्पा?

झालं. माझे बांबू, माझी कापडं गोदामात पडून राहिली अन् गावातली समाजभवनं एकदम राजवाडे झाली. प्रत्येक समाजाचं आपलं भवन, त्यात मोठाली थंड हवेची यंत्रं. अन् प्रत्येक भवनाचा एकच नियम: हॉल पाहिजे तर समाजाच्या अध्यक्षाचं पत्र आणा, की ही माणसं आमची आहेत.

माझी प्राची नागपूरला दवाखान्यात नोकरी करते. तिथं तिला सुब्रत भेटला. सुब्रत मंडल, आमच्याच गावच्या बंगाली कॅम्पातला पोरगा. सालस, कामसू, माझ्या हातचं वांग्याचं भरीत बोटं चाटून खाणारा. दोघांनी लग्न ठरवलं. मी आमच्या समाजाकडं पत्र मागायला गेले, तर अध्यक्ष म्हणाले, "मुलगा आपला नाही." सुब्रतची आई त्यांच्या समितीकडं गेली, तर ते म्हणाले, "मेये आमादेर ना," म्हणजे मुलगी आमची नाही. घ्या! दोघंही गावचेच, अन् गावात त्यांच्यासाठी छप्पर नाही.

प्राची म्हणाली, "आई, आपण नागपूरला करू ना. कोर्टात सही केली की झालं."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "या गावातल्या प्रत्येक घरापुढं मी मंडप घातला. माझ्याच पोरीच्या डोक्यावर मंडप नाही पडणार? थांब जरा."

ती थांबली. एक वर्ष थांबली, दुसरंही थांबली.

अशात एका सकाळी राजक्का धापा टाकत आली. राजक्का म्हणजे राजेश्वरी गड्डम, तेलुगू समाजाच्या बायांची पुढारी अन् तीस वर्षांची माझी मैत्रीण. प्राचीला पहिली आंघोळ हिनं घातलेली. माझा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस माझ्या घरची चूल हिनं सांभाळलेली. सख्खी बहीण काय करेल, इतकं केलं होतं तिनं.

"शकुन, सामाईक हॉल येऊन राहिला!" ती म्हणाली. "सगळ्या गावाचा एकच. थंड हवेचा. दोन हिस्से पैसे सरकार देते, एक हिस्सा आपण सगळ्यांनी मिळून."

"अन् पत्र?"

"तेच तर! सात जागा आहेत समितीवर. त्यातल्या सहा जागा सहा समाजांच्या. सातवी जागा 'इतर'. ज्यांचा कोणताच समाज नाही, ज्यांची लग्नं अशी मिसळलेली आहेत, त्यांच्यासाठी. मी तिथं तुझं नाव दिलं. तू जाऊन ठणकावून सांग, की पत्र-बित्र काही नाही. जो येईल त्याले हॉल."

मी तिच्या गळ्यात पडले. खरंच पडले. मला वाटलं, झालं आपलं काम.

सरकारची एक अट होती. याआधी बऱ्याच गावांना असे हॉल दिले होते, अन् भांडणांपायी ते कुलपात गेले. कुठं स्वयंपाकघरावरून कोर्ट, कुठं नावावरून दगडफेक. म्हणून आता आधी एकमत, मग पैसा. अन् एकमत करायला माणसं नव्हती, मशीन होती. तिचं नावच 'एकमत'. योजनेच्या अधिकारी निमिषा ठवरे मॅडम ती घेऊन आल्या अन् नगर परिषदेच्या जुन्या वाचनालयाच्या थंड खोलीत मांडून बसल्या.

ठवरे मॅडमनी आम्हा सातजणांना समोर बसवून समजावलं. "माणसं बैठकीत खरं बोलत नाहीत. जे पाहिजे ते सांगत नाहीत, जे सोडायची तयारी आहे तेही सांगत नाहीत. म्हणून इथं बैठकच नाही. एकमत तुमच्यापैकी प्रत्येकाशी एकांतात बोलेल. त्या बोलण्यातून तुमचा एक प्रतिनिधी तयार करेल. तो तुमच्यासारखाच विचार करेल, तुमच्यासारखाच हट्ट धरेल, तुमच्यासारखाच शेवटी कंटाळून सोडून देईल. मग हे सात प्रतिनिधी मशीनच्या आत आपसांत वाटाघाटी करतील. तुम्हाला वर्ष लागलं असतं, त्यांना एक दुपार पुरते. लाख वेळा भांडतील, लाख वेळा समेट करतील. त्यातून जो आराखडा सातही जणांना मान्य होईल, तोच बाहेर येईल. त्यावर तुम्ही खऱ्या हातानं सह्या करायच्या."

"अन् आम्ही एकांतात बोललेलं दुसऱ्याले कळंल काय?" राजक्कानं विचारलं.

"नाही. प्रत्येकाला फक्त आपल्या प्रतिनिधीच्या वाटाघाटी ऐकता येतील."

आता बघा, मी काय अडाणी नव्हते. आयुष्यभर साक्षगंधाच्या बैठकी पाहिल्या मी, माझ्याच गाद्यांवर बसलेल्या. देणंघेणं ठरताना मुलीचा बाप कधी म्हणतो का, की मला हेच स्थळ पाहिजे? तो म्हणतो, "पाहू, अजून दोन ठिकाणी बोलणं सुरू आहे." ज्यानं घाई दाखवली तो मेला. गरजवंताला अक्कल नसते, असं उगाच म्हणत नाहीत. हे मला पाठ होतं. पण त्या खोलीत माणूसच नव्हता ना! एक मऊ बायकी आवाज होता, अन् तो मला विचारत होता, "शकुनताई, तुम्हाला काय हवं आहे?"

मला असं कोणी विचारलंच नव्हतं हो. लोक विचारतात खुर्च्या किती, भाडं किती, उद्या किती वाजता येता. मला काय पाहिजे, हे नवरा गेल्यापासून कोणी विचारलं नव्हतं. मी बोलत सुटले. प्राचीचं सांगितलं, सुब्रतचं सांगितलं. गोदामात लाल-पिवळं कापड वेगळं काढून ठेवलंय, ते फक्त तिच्या लग्नात लावायचं, हेही सांगितलं. रडलेसुद्धा. शेवटी आवाजानं विचारलं, "सभागृह झालंच नाही तर?" अन् मी म्हटलं, "नाही नाही, असं बोलू नको. काही झालं तरी हॉल झालाच पाहिजे. जीव गेला तरी चालंल."

काही झालं तरी. हे माझे शब्द. बाहेर आले तेव्हा अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं होतं मला. कप्पाळ माझं!

महिन्याभरानं आराखडा आला. वाचनालयाच्या भिंतीवर मोठं चित्र उमटलं अन् आम्ही सातही जण माना वर करून पाहत राहिलो. सुंदर होता हॉल, नाही कशाला म्हणू? दोन स्वयंपाकघरं, एक शाकाहारी अन् एक सगळ्यांचं. नमाजाच्या वेळी वाजंत्री बंद. बिरसा जयंतीचा दिवस गोंड समाजासाठी राखून. भर उन्हाळ्यात दुपारी म्हाताऱ्या माणसांना बसायला थंड ओसरी. अन् मागच्या अंगणात पायऱ्यांचा हौद. तेलुगू बाया नवरात्रात फुलांची बतुकम्मा रचतात, तिच्याभोवती फेर धरून गातात अन् मग ती पाण्यात सोडतात. नदी राखेनं काळी पडल्यापासून त्यांना जागाच नव्हती. राजक्कानं हौद पाहिला अन् पदर तोंडाला लावला. मीही तिचा हात दाबला. मला तिच्यासाठी आनंद झाला होता, देवाशपथ.

मग मॅडमनी नियम वाचले. "हॉलच्या नोंदणीसाठी आपापल्या समाजाच्या अध्यक्षांचं पत्र जोडावं. ज्यांना समाज नाही, त्यांनी कोणत्याही दोन समाजांची ना-हरकत पत्रं जोडावीत."

मला वाटलं माझ्या कानात काही गडबड झाली. मी म्हटलं, "पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं. बाकी सगळ्यांना एक पत्र अन् आम्हाला दोन! आधी निदान एकच पत्र लागत होतं.

"हे कोणी मान्य केलं?" मी ओरडले.

"सातही प्रतिनिधींनी," ठवरे मॅडम म्हणाल्या. "तुमच्यासुद्धा."

मी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. बंगाली समितीचे बिस्वासबाबू चष्मा पुसायला लागले. मुस्लिम समाजाचे हाजीसाहेब छताकडं पाहत होते. सगळे म्हणाले, "आम्ही नाही काही बोललो, मशीननंच ठरवलं." राजक्का तर म्हणाली, "शकुन, मी तर तुझ्याच बाजूनं होती." अन् भिंतीवर आमच्या नावांपुढं मशीनचा अंदाज लिहिलेला होता. माझ्या नावापुढं होतं: सही करतील.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या प्रतिनिधीच्या वाटाघाटी ऐकायला बसले. कानाला यंत्र लावलं अन् पहिल्याच वाक्याला अंगावर काटा आला. माझाच आवाज. माझंच 'बाप्पा', माझंच खेकसणं. अन् काय सांगू, छान भांडत होती ती! "पत्राची गोष्ट काढायची नाही," असं म्हणून तिनं बिस्वासबाबूंना गप्प केलं, हाजीसाहेबांना गप्प केलं. मी खुर्चीत बसून मान डोलावत होते. ठवरे मॅडम म्हणाल्या, अशा हजारो फेऱ्या झाल्या अन् तुम्ही हटला नाहीत.

मग राजक्काचा आवाज आला. तिचा प्रतिनिधी बाकीच्यांना सांगत होता, "तुम्ही उगीच घाबरून राहिले. शकुनले हॉल पाहिजेच आहे. तिच्या पोरीचं लग्न अडलं आहे. ती हॉल मोडणार नाही. अन् मी म्हटलं तर ती मले नाही म्हणत नाही. आजपर्यंत म्हटलं नाही." मग मला, म्हणजे माझ्या प्रतिनिधीला, राजक्काचा आवाज म्हणाला, "शकुन, हॉल तर होऊ दे. माझ्याकडं पाहून हो म्हण."

अन् मग माझा आवाज. थकलेला, अगदी मी म्हणते तसाच. "बरं. राजक्का म्हणते तर. पत्राचं पुढं पाहू."

मी कानातलं काढून टेबलावर आपटलं.

"शकुनताई, यात कोणाचा दोष नाही," ठवरे मॅडम म्हणाल्या. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. "हे वाटाघाटीचं जुनं गणित आहे. करार मोडला तर ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान, त्याच्याकडून सगळ्यात जास्त सोडवून घेता येतं. बाकीच्यांकडं आपापली भवनं आहेत. हॉल झाला नाही तरी त्यांचं चालतं. तुमच्याकडं काहीच नाही. मशीन सातजणांना एकत्र आणणारी सर्वांत स्वस्त वाट शोधते. ती वाट तुमच्यावरून गेली."

"म्हणजे ज्याले सगळ्यात जास्त पाहिजे, त्यालेच मिळणार नाही?"

"त्याला हॉल मिळतो. त्याची अट मिळत नाही."

"अहो, अटीशिवाय माझ्यासाठी तो हॉल म्हणजे फक्त भिंती ना!" मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. वाईट बाई नव्हती ती. पण तिला गणित बरोबर आल्याचं समाधान होतं, ते मला दिसलं.

तिथून मी तडक राजक्काकडं गेले. ती अंगणात अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मला पाहून म्हणाली, "ये, बस." मी बसले नाही.

"माझ्याबद्दल काय सांगतलं तू त्या खोलीत?"

"मी कुठं काय? मशीन..."

"मशीनचं नाव नको घेऊ. तू काय सांगतलं ते सांग."

तिच्या हातातली जुडी खाली पडली. "तिनं विचारलं, शकुनताई पत्रावर अडतील काय. मी काय खोटं सांगू? तुले ओळखते ना मी. म्हटलं, नाही अडणार. समजून घेईल ती."

"अन् मले विचारावंसं नाही वाटलं तुले?"

"आमच्या मोठ्या माणसांनी सांगतलं होतं, पत्र नसंल तर एक रुपया वर्गणी देणार नाही. म्हणे उद्या पोरी उठतील अन् कोणाही संगं..." ती मध्येच थांबली.

"बोल ना. थांबली काहून? कोणाही संगं लग्न करतील, माझ्या प्राचीसारखं."

"मी नाही म्हणत तसं. ते म्हणतात."

"अन् तू त्यांचं ऐकलं. हौद मिळाला ना त्याच्या बदल्यात?"

तिचे डोळे भरले. "किती वर्षं झाली, शकुन, बाया प्लास्टिकच्या टबात बतुकम्मा सोडून राहिल्या. देवीले टबात! तू तर पाहिलं आहे."

"पाहिलं आहे. ते टब माझेच असतात. अन् त्याचं भाडं मी कधी घेतलं नाही."

मला ती आरडाओरडा करेल असं वाटलं होतं, निदान पाय धरेल असं वाटलं होतं. ती नुसती बसून राहिली अन् म्हणाली, "मले वाटलं, तू माझ्यावर रागावणार नाही." या एका वाक्यानं मी जितकी जळले, तितकी त्या मशीनच्या गणितानंही जळले नव्हते. म्हणजे मी चांगली, म्हणून माझाच बळी द्यायचा? आपलेच दात अन् आपलेच ओठ, तक्रार कोणाकडं न्यायची?

सह्यांच्या दिवशी पेढे आले होते. फोटो काढणारा आला होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी सही करणार नाही."

काय कालवा झाला! बिस्वासबाबू म्हणाले, एका बाईपायी गावाचं नुकसान. कोणी म्हणालं, हिचा बिछायतीचा धंदा बुडतो म्हणून ही आडवी आली. म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा! ठवरे मॅडमनी सगळ्यांना शांत केलं. नियमाप्रमाणं फेरविचाराची एक संधी होती. सातहीजणांनी पुन्हा एकमतशी बोलायचं, नवे प्रतिनिधी होतील, नवा आराखडा निघेल. त्यानंतर मात्र काही नाही.

मी घरी आले अन् आयुष्यभर माझ्या गाद्यांवर बसलेल्या सगळ्या पोरींच्या बापांना आठवलं. म्हटलं, शकुन, आता तरी शहाणी हो. ज्याला नको त्याला विकत घ्यायला लोक धावतात.

दुसऱ्या वेळी त्या खुर्चीत बसले तेव्हा पाठ ताठ ठेवली. मऊ आवाजानं विचारलं, "शकुनताई, तुम्हाला काय हवं आहे?"

"काहीच नाही. हॉल झाला तर माझा धंदा बसतो. न झाला तर बरंच."

"सभागृह झालं नाही तर तुम्हाला कसं वाटेल?"

"मले काही फरक पडत नाही."

आवाज म्हणाला, "तुमच्या बोलण्याचा अन् वागण्याचा मेळ बसत नाही. प्राचीचं लग्न अजून थांबलेलं आहे."

मी चपापले. बाहेर येऊन ठवरे मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "एकमत नुसतं बोलणं ऐकत नाही. जाहीर नोंदी पाहतं. माणूस काय म्हणतो त्यापेक्षा तो काय करतो, त्यावर त्याचा जास्त विश्वास आहे. तुम्ही दोन महिन्यांच्या आत पुन्हा बोलू शकता."

मला अर्थ कळला. मला हॉल नको आहे हे मशीनला पटायचं असेल, तर ज्याच्यासाठी हॉल पाहिजे तेच सोडायला पाहिजे. बिनपत्राचा नियम मिळवायचा तर प्राचीचा मंडप द्यायचा. मी विचार केला, माझ्या पोरीचं नाही तर नाही, तिच्यामागच्या पोरींचं तर होईल. मोठा विचार केला हो मी. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा नव्हतं आलं.

प्राचीला फोन केला. "नागपूरलाच सही करून टाका दोघंजण. उद्याच नोटीस द्या."

"आई? अगं, तू म्हणत होतीस ना, गावातच..."

"आता नाही म्हणत. मले काही फरक पडत नाही."

ती रडत म्हणाली, "दोन वर्षं थांबले ना गं मी तुझ्यासाठी. तू शेवटी कंटाळलीस का आम्हाला?"

मला सगळं सांगायचं होतं. पण फोन मशीन ऐकते की नाही हे मला ठाऊक नव्हतं, अन् भीती अशी बसली होती की मी तोंड उघडलं नाही. "जास्त बोलू नको," म्हटलं अन् फोन ठेवला.

नोटिशीचा महिना भरला अन् लग्न झालं. सरकारी कचेरीत, एका टेबलापाशी. मी सही केली, सुब्रतच्या आईनं सही केली. ज्या वेळात आम्ही एका बांबूचा खड्डा खणतो, त्या वेळात लग्न संपलं. प्राची माझ्याकडं पाहत नव्हती. पाया पडली तेव्हाही नाही. लाल-पिवळं कापड गोदामातच राहिलं. राजक्काला मी कळवलं नाही.

पुन्हा खुर्चीत बसले. तेच विचारलं, तेच सांगितलं. मऊ आवाज म्हणाला, "आता मेळ बसतो."

मी मनात म्हटलं, आता बघ, आता माझ्या बाजूनं स्वस्त वाट नाही. आता दुसऱ्या कोणाकडून सोडवून घे.

तोवर गावात मला काही गोष्टी दिसत होत्या, पण मी त्यांचा अर्थ लावला नाही. बंगाली समितीनं आपल्या भवनाला नवीन यंत्रं बसवली अन् त्याचा मोठा फलक लावला. हाजीसाहेबांनी शादीखान्याचा दुसरा मजला चढवायला घेतला. नवरात्रात राजक्कानं बतुकम्मा शाळेच्या मैदानावर टबातच सोडली, अन् हे टब तिनं चंद्रपूरहून नवे विकत आणले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "टबच बरे. हौद कशाले पाहिजे? शेवाळ धरते." मला वाटलं, मला टोमणा मारून राहिली.

शेवटच्या बैठकीला ठवरे मॅडम आल्या त्या रिकाम्या हातानं. भिंतीवर चित्र उमटलं नाही. त्या म्हणाल्या, "एकमतनं निष्कर्ष दिला आहे. सातही प्रतिनिधी म्हणतात, सभागृह झालं काय अन् नाही झालं काय, आम्हाला फरक पडत नाही. आंबेझरीत सामाईक सभागृहाची गरज आढळत नाही. निधी दुसऱ्या गावाला जाईल."

मी एकेकाकडं पाहिलं अन् मला लख्ख कळलं. सातहीजण खोटं बोलले होते. माझी सही झाली नाही त्या दिवशी सगळ्यांनाच गणित कळलं होतं, की ज्याला पाहिजे तो मरतो. हाजीसाहेबांच्या घरी सून येऊन दोन वर्षं झाली होती, तीही दुसऱ्या जमातीची, तिचा वलीमा, म्हणजे लग्नानंतरची दावत, राहिला होता, हे मला आत्ता आठवलं. राजक्का खाली पाहत होती.

ठवरे मॅडमनी विचारलं, "कोणाला काही म्हणायचं आहे का? कोणी एकानं जरी म्हटलं, की आम्हाला हॉल हवा आहे, तर मी वरती बोलून पाहीन."

एकानं म्हणायचं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं, आईशप्पथ आलं होतं. पण जो आधी बोलेल, त्याच्याच अंगावरून पुन्हा वाट जाणार. म्हटलं, राजक्का बोलंल. तिनं माझ्याकडं पाहिलं. ती माझी वाट पाहत होती. मूग गिळून बसलो सगळे. मॅडमनी मशीनची वायर गुंडाळली.

एप्रिलात, ऐन दुपारी, दारावर थाप पडली. उघडलं तर राजक्का. डोक्यावरचा ओला पदर वाळून गेलेला, तोंड लाल झालेलं. हातात स्टीलचा डबा होता.

"प्राचीचं लग्न झालं म्हणे," ती म्हणाली. "मले बाहेरून कळलं. तिच्यासाठी गुळाचे गोड अरिसेलु केले होते. तिले आवडतात."

"घाईत झालं."

"मले एक फोन नाही केला, शकुन."

तिनं डबा पुढं केला. मी घेतला.

"तुले काहीच नाही वाटलं? मी नव्हती तिथं, तुले काहीच वाटलं नाही?"

त्या टेबलापाशी मी चारदा दाराकडं पाहिलं होतं. ही कशीतरी कळून येईल, मोठ्यानं हाक मारत येईल, असं वाटलं होतं. कोणी साधी अक्षताही टाकली नाही माझ्या पोरीच्या डोक्यावर, अन् त्या क्षणी मला दुसरं कोणी नाही, हीच पाहिजे होती. हे सगळं मला तिला सांगायचं होतं. मी म्हटलं, "मले काही फरक पडत नाही."

आवाज जरासुद्धा हलला नाही.

राजक्कानं माझ्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाली, "मलेही नाही," अन् पदर डोक्यावर ओढून उन्हात चालायला लागली. मी दार लावलं, डबा टेबलावर ठेवला अन् पंख्याखाली येऊन बसले. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की एवढ्या उन्हात दारात आलेल्या बाईला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.